डेप्रिकेशनचा इशारा दिसायचा कुणाला?

सातपूर-अंबडच्या कारखान्यात वजनकाट्याचं रीडिंग थेट बिलात टाकणारा पायथनचा प्रोग्रॅम एकदा बसवला की वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही. मग कधीतरी संगणक बदलतो, नवा पायथन येतो आणि पहिल्याच ओळीला 'इम्पोर्ट एरर'. 'हे पुढे काढून टाकणार' असा इशारा, म्हणजेच डेप्रिकेशनचा इशारा, कित्येक वर्षं दिला जात होता, पण तो कुणाला दिसत नव्हता.

इशारे देणारं 'वॉर्निंग्ज' मॉड्यूल 2001 साली पायथनच्या 2.1 आवृत्तीत आलं. सुरुवातीला डेप्रिकेशनचे इशारे सगळ्यांनाच दिसत. त्यात अडचण अशी की काट्यावर बसलेल्या ऑपरेटरला 'हे फंक्शन पुढे जाणार आहे' असं सांगून तो करणार काय? म्हणून 2.7 (2010) आणि 3.2 (2011) पासून हे इशारे मुळातच झाकले गेले. ऑपरेटरचा त्रास गेला, पण कोड लिहिणाराही अंधारात राहिला. 'कलेक्शन्स'मधले काही क्लास 3.3 मध्ये, म्हणजे 2012 सालीच, 'कलेक्शन्स डॉट एबीसी'मध्ये हलवले होते. जुनी वाट 2021 च्या 3.10 मध्ये बंद झाली, तेव्हाही लोक दचकलेच.

2018 मध्ये 3.7 ने मधला मार्ग काढला. इशारा मुख्य स्क्रिप्टच्या ओळीवर लागत असेल तर दाखवायचा, आयात केलेल्या मॉड्यूलमधल्या ओळीवर लागत असेल तर झाकायचा. लायब्ररी, म्हणजे इतरांनी आयात करून वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. इशारा देणाऱ्या 'वॉर्न' फंक्शनला 'स्टॅकलेव्हल', म्हणजे इशारा किती पायऱ्या वरच्या ओळीवर लावायचा तो आकडा, दिला नाही तर तो 1 धरला जातो, इशारा लायब्ररीच्याच ओळीच्या नावावर चढतो आणि झाकला जातो. 2 दिला की तो जुनं फंक्शन वापरणाऱ्याच्या ओळीवर जातो. मध्ये एखादा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला गुंडाळणारं दुसरं फंक्शन, असेल तर 3 लागतो. 3.12 पासून आकडे मोजत बसायची गरज उरली नाही. 'स्किप फाइल प्रीफिक्सेस'मध्ये आपल्या पॅकेजचा फोल्डर दिला की त्यातल्या फ्रेम, म्हणजे कॉलच्या पायऱ्या, वगळल्या जातात.

आयात होतानाच सगळे इशारे बंद करणारी ओळ लायब्ररीत कधीही टाकू नये. फिल्टर, म्हणजे कोणता इशारा दाखवायचा याचे नियम, चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रॅमला लागू होतात, त्यामुळे दुसऱ्याच्या लायब्ररीचे इशारेही गडप होतात. टेस्टमध्ये मात्र उलटं करावं. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या 'फिल्टरवॉर्निंग्ज'मध्ये 'एरर' लिहावं आणि जे इशारे परक्या लायब्ररीतून येतात तेवढेच नाव घेऊन सोडावेत. तिथे मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खास चिन्हांचा नमुना, म्हणून वाचला जातो. कमांड लाइनच्या 'डब्ल्यू' पर्यायात तसं नाही, तिथे तो साधा मजकूर म्हणूनच जुळवला जातो. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवली आणि फिल्टर चाललाच नाही, हे नेहमीचंच.

पॅकेज बांधताना तर इशारा आणखी खोल गाडला जातो. 'सेटअप डॉट सीएफजी'मधल्या आडव्या रेघेच्या नावांवर, म्हणजे 'डिस्क्रिप्शन-फाइल' वगैरे, पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स 2021 पासून इशारा देत होतं. पण बांधणी यशस्वी झाली की पॅकेज बसवणारं पिप तिचा सगळा मजकूर गिळतं. 'व्ही' पर्याय दिल्याशिवाय काही दिसत नाही. मार्च 2025 मध्ये सेटअपटूल्सच्या आवृत्ती 78 ने त्या इशाऱ्याची थेट एरर केली आणि वर्षानुवर्षं न बदललेली पॅकेजंही बसेनाशी झाली, कारण पिप बांधणीसाठी वेगळ्या वातावरणात सेटअपटूल्सची नवी आवृत्ती आणतं. तो बदल लगेच मागे घ्यावा लागला. तुमच्या फाइलीत अशी नावं असतील तर रेघेच्या जागी अंडरस्कोर टाका, एवढंच काम आहे.

पायथन 3.13 (2024) मध्ये 'डेप्रिकेटेड' हा डेकोरेटर आला. जुन्या पायथनसाठी तोच 'टायपिंग एक्स्टेन्शन्स'मध्ये मिळतो. कोड न चालवता तपासणारा टाइप चेकर तो वाचतो, त्यामुळे प्रोग्रॅम चालायच्या आधीच, कोड लिहितानाच एडिटरमध्ये इशारा दिसू शकतो. मात्र याच्या 'स्टॅकलेव्हल'मध्ये 1 म्हणजेच थेट वापरणारा. 'वॉर्न'च्या सवयीने 2 लिहिलात तर इशारा एक पायरी पुढच्या, भलत्याच ओळीवर जातो.