आइसलँड मॉस

नावात मॉस असले तरी ही शेवाळी नव्हे. हे शैवाक, म्हणजे बुरशी व हिरवे शैवल यांचे सहजीवन. शास्त्रीय नाव सेट्रारिया आयलँडिका, कुल पार्मेलिएसी. गोड्या मसाल्यातले दगडफूलही याच कुलातले, पण ते वासासाठी चिमूटभर घालायचे. हे मात्र पोटभरीला खाल्ले गेले. आर्क्टिक प्रदेश, आइसलँड, स्कँडिनेव्हिया आणि आल्प्सच्या उंच भागात ते उघड्या माळावर वाढते. आइसलँडी भाषेत त्याला ‘डोंगरी गवत’ म्हणतात.

पट्ट्या तपकिरी-हिरवट, कडा आत वळून पन्हाळीसारख्या झालेल्या आणि कडेला बारीक काटे. खालची बाजू फिकट, तिच्यावर पांढरे ठिपके. बुडाशी बहुधा लालसर छटा. वाळल्यावर पट्ट्या कुरकुरीत होतात आणि हातातच चुरतात, म्हणून वेचणी दवात किंवा पावसानंतर करतात. तेव्हा त्या चामड्यासारख्या लवचीक असतात. सोबत गवत, काड्या, खडे येतातच. वेचण्यापेक्षा निवडण्यातच वेळ जातो. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे एकाच जागी सगळे ओरबाडू नये.

निम्म्याच्या आसपास भाग लायकेनिन व आयसोलायकेनिन या बहुशर्करांचा. लायकेनिन गरम पाण्यात विरघळते व निवल्यावर खळीसारखे थिजते. कडू चव शैवाकाम्लांची. खाण्यासाठी ती घालवायला सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून पुन्हा धुतात. हे टाळले तर मळमळ व पोटदुखी होऊ शकते. भूक वाढवण्यासाठी मात्र कडूपणाच हवा. तेथे धुतलेले शैवाक निरुपयोगी.

आइसलँडमध्ये ते दुधात उकळतात, पावात मळतात, मेंढीच्या रक्ताच्या सॉसेजमध्येही घालतात. दुधात थोडाच वेळ उकळले तर पट्ट्या चावाव्या लागतात, बराच वेळ ठेवले तर दूध दाटते. दुष्काळात पिठात मिसळून धान्य पुरवले जाई; पण लायकेनिन पचवणारे विकर माणसाकडे नाही, त्यामुळे पोट भरे, ताकद फारशी मिळत नसे.

कोरडा खोकला व घशाची खवखव यांवर दीड ग्रॅम चुरा 150 मिलिलीटर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून तीन-चार वेळा घेतात. बुळबुळीत द्रव घशाला लेप देतो, एवढेच त्याचे काम. जंतुसंसर्गावर तो इलाज नव्हे.

शैवाकाला मुळे नसतात. पाणी व क्षार ते थेट हवा-पावसातून घेते, आणि त्यांबरोबर शिसे व किरणोत्सारी सिझियमही. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर स्कँडिनेव्हियातल्या शैवाकांत सिझियम साचले आणि ती खाणाऱ्या रेनडिअरच्या मांसात उतरले. विकत घेताना ते कुठून वेचले आहे, हे म्हणूनच विचारावे.