दूरचित्रवाणी प्रश्नमंजूषा (शालेय)

शाळांच्या संघांमध्ये कॅमेऱ्यासमोर होणारी आणि जिंकणाऱ्यांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी सामान्यज्ञानाची स्पर्धा. बोलताना सगळे तिला ‘क्विझ’च म्हणतात.

या प्रकारातला सर्वांत दीर्घायुषी कार्यक्रम अमेरिकेतला. ‘इट्स अकॅडेमिक’ १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला. सोफी ऑल्टमन यांनी तो उभा केला आणि मॅक मॅकगॅरी यांनी सुमारे ५० वर्षे त्याचे सूत्रसंचालन केले. तीन शाळा, प्रत्येकीची तीन मुले आणि आरंभीच प्रत्येक संघाच्या नावावर १०० गुण. भारतात दूरदर्शनवरील सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने १९८५ मध्ये महाविद्यालयीन संघांना घरोघरी नेले. शाळकरी मुलांची ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी रेडिओवर गाजली आणि १९९२ साली झी टीव्हीवर आली.

खेळाचा जीव बझरमध्ये असतो. एका संघाने कळ दाबली की बाकीच्यांच्या कळा आपोआप बंद पडतात, म्हणून निमिषभराचा फरकही निर्णायक ठरतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि प्रश्न पुढच्या संघाकडे ‘पास’ होतो. एक उदाहरण घेऊ. सूत्रसंचालक वाचतो, “युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली गेलेल्या, सातारा शहराजवळच्या पठारावर…” एवढ्यात एक मुलगी बझर दाबते आणि “कास” म्हणते. प्रश्न मात्र पुढे होता: “…सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी वनस्पती कोणती?” उत्तर होते टोपली कारवी. मुलीला कास ठाऊक होते, कदाचित कारवीही. थांबायचे किती, एवढेच चुकले. हे थांबणे पुस्तकातून येत नाही. बझरवर बोट ठेवून केलेल्या सरावातूनच येते.

भाषेचा अडसर याहून मोठा आहे. देशपातळीवरच्या अशा बहुतेक स्पर्धा इंग्रजीत झाल्या. मराठी माध्यमातला मुलगा प्रश्न आधी मनात मराठीत आणतो, उत्तर शोधतो आणि ते पुन्हा इंग्रजीत नेतो. तोवर दुसऱ्या टेबलावरचा दिवा लागलेला असतो. कारवीच्या काठ्यांच्या कुडात वाढलेल्या जावळीच्या पोराला तो प्रश्न अवघड जावा, हा ज्ञानाचा दोष नव्हे. प्रश्न मुलाच्या भाषेत विचारला गेला नाही तर स्पर्धा ज्ञानाची राहत नाही, असे ठामपणे म्हणावे लागते. मराठीतून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. ती रिकामी जागा आजही जाणवते.

सातारा जिल्ह्यात क्विझची ओळख शाळेच्या सभागृहातच होते. २२ सप्टेंबरची कर्मवीर जयंती आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन हे तिचे ठरलेले मुहूर्त. गटांना बहुधा नद्यांची नावे असतात: कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी. बझर नसेल तर टेबलावरची घंटा, तीही नसेल तर हात वर. कोणाचा हात आधी वर गेला यावरून वाद होतो आणि शेवटी बाईंचा शब्द चालतो. फळ्यावर गुण मांडणाऱ्या मुलाचे खडूने पांढरे झालेले बोट आणि ‘कोयना’च्या रकान्यात वाढणाऱ्या रेघा, यांवर अख्ख्या वर्गाची नजर असते.

‘शिष्यवृत्ती’ या शब्दाला इथे वेगळे वजन आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यात आले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत वसतिगृहातली मुले शेतात राबली. १९४७ साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने ‘कमवा आणि शिका’ योजना रुजवली. त्या परंपरेत शिकण्यासाठीचा पैसा दान म्हणून घेतला जात नाही, तो कमावला जातो. बझरवर कमावलेली फीही याच नात्याने घरात मानाने येते.

केवळ संख्येने पाहिले तर आठवीतली एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा कितीतरी अधिक मुलांपर्यंत पोहोचते. कौटुंबिक उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना ती नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये देते. तिथे बझर नाही, दिवे नाहीत. उत्तरपत्रिका आणि पेन एवढेच. क्विझमध्ये मोजकेच जिंकतात, पण आपल्याच शाळेच्या गणवेशातली मुलगी पडद्यावर उत्तर देताना पाहून खालच्या वर्गातली मुले वर्तमानपत्राची कात्रणे जमवू लागतात.

अडचण पोहोचण्याची आहे. चित्रीकरण बहुधा मुंबईत होते. पाटणच्या खोऱ्यातल्या शाळेला दोन मुले आणि एक शिक्षक एवढ्या दूर पाठवायचे म्हणजे एसटीचे भाडे, मुक्काम आणि बुडालेले तास आले. प्राथमिक फेरी लेखी, मराठीतून आणि तालुक्याच्या गावी झाली, तरच अशा शाळेचे नाव यादीत येऊ शकते.