पाचशे फुटांवरचं वळण

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळलं. आत प्रशिक्षणार्थी एकटीच होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. अशी बातमी आली रे आली की पुण्यात सगळीकडे एकच निदान ऐकू येतं: इंजिन बंद पडलं असेल, विमान जुनं असेल. माझी भाची सध्या वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे, त्यामुळे आमच्या घरात हे निदान नुसतं बोलून सोडून देता येत नाही. या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेलो आणि एक गोष्ट पक्की पटली. लहान विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते दगडासारखं पडत नाही, तरंगत तरंगत खाली येतं. जीव जातो तो बहुतेकदा त्यानंतरच्या काही सेकंदांत, वेग आणि उंची दोन्ही तुटपुंजी असताना घेतलेल्या एखाद्या वळणात.

ही चूक इंजिनाच्या विमानापेक्षाही जुनी आहे. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल याने स्वतः बनवलेल्या ग्लायडरांवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांवर, दोन हजारांहून जास्त उड्डाणं केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोतात त्याच्या ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग मेला आणि तो सुमारे १५ मीटरवरून पडला. दुसऱ्या दिवशी तो वारला. आज याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचं इंजिन ‘स्टॉल’ होतं तसा हा प्रकार नाही आणि पहिला घोटाळा या शब्दातच होतो. येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला धरून राहत नाही, विमानाला वर धरणारी उचल कोसळते. इंजिन ठणठणीत चालू असतानाही हे होतं.

स्टॉल होताना रडर, म्हणजे पायाने फिरवायची शेपटीवरची उभी फळी, नीट सांभाळला नाही, तर एक पंख आधी खाली जातो आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. हा स्पिन. विमानविद्येच्या पहिल्या दहा वर्षांत त्यात सापडलेला माणूस सहसा वाचत नसे. नाक खाली जातंय म्हटल्यावर हात आपोआप स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागे ओढतो आणि त्यानेच फास आवळला जातो. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा वैमानिक असाच फिरत खाली येत होता. सगळे उपाय थकल्यावर जमिनीपासून जेमतेम ५० फुटांवर त्याने फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण दाबला आणि विमान सरळ झालं. खाली उतरून त्याने काय केलं ते तपशीलवार सांगितलं. विमानविद्येच्या दृष्टीने ते सोन्याच्या मोलाचं होतं. त्याच डिसेंबरात तो दुसऱ्या एका अपघातात गेला. पुढे १९१७ मध्ये फ्रेडरिक लिंडमन या शास्त्रज्ञाने मुद्दाम विमान स्पिनमध्ये घालून मोजमापं घेतली, तेव्हा कुठे या प्रकाराचं गणित समोर आलं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने शिकवण्याची पद्धतच बदलली. त्याआधी शिकाऊ मुलांना धोक्याच्या गोष्टींपासून लांब ठेवत आणि मग एकट्याने उडताना तीच गोष्ट समोर येई. स्मिथ-बॅरीने दुहेरी कंट्रोलचं विमान घेतलं, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात बोलायची नळी बसवली आणि धोक्यात नेऊन त्यातून बाहेर पडायला शिकवलं. आजही शिकाऊ विमानात दोन्ही बाजूंना कंट्रोल असतात ते याच परंपरेतून. पुढे मात्र मतं फिरली. अमेरिकेने १९४९ मध्ये खाजगी वैमानिकांच्या परवान्यातून स्पिनची सक्ती काढली आणि स्टॉल वेळीच ओळखण्यावर भर दिला. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण स्पिनमधून बाहेर पडायला उंची लागते आणि अपघात होतात तिथे ती नसतेच.

ते ठिकाण म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. धावपट्टीकडे वळताना विमान जमिनीपासून पाचशे फुटांच्या आसपास असतं. वारा मागून असेल तर वळण लांबतं, धावपट्टी निसटू लागते आणि शिकाऊ हात वळण आवळतो. सरळ उडताना जे विमान ताशी ८० किलोमीटरला स्टॉल होतं, तेच उंची टिकवत ६० अंश कललेल्या वळणात ११३ ला स्टॉल होतं. उड्डाण करताच इंजिन गेलं आणि वैमानिकाने माघारी धावपट्टीकडे वळायचा हट्ट धरला, तरी हेच घडतं. म्हणून पहिल्या दिवसापासून घोकून घेतात: नाक खाली, समोर उतर. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरसारख्या ठिकाणी विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून, वर जाताना तो दोर तुटला तरी पहिलं काम तेच, नाक खाली.

भाचीने एकदा फोनवर व्हिडिओ दाखवला. सेस्ना या लहान शिकाऊ विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. आत नळी आणि नळीच्या टोकाला पितळी रीड, पेटीत असते तशी हवेने वाजणारी पातळ पट्टी. पंख स्टॉलच्या जवळ आला की त्या भोकाशी हवेचा दाब कमी होतो, हवा ओढली जाते आणि रीड वाजते. उड्डाणाआधी ती भोकावर रुमाल ठेवते, तोंड लावून हवा ओढते आणि पेटीचा एखादा काळा सूर अडकावा तसा आवाज येतो. इतकी साधी वस्तू. ती वाजते तेव्हा पंख काय म्हणतोय हे कळायला मात्र कान तयार लागतो.

विमानाचे दोष कधीच नसतात असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. कोल्हापूरकडच्या या माणसाचं नाव पुण्यात तरी माहीत असायला हवं. त्यानंतर हवाई दलात आलेल्या एचपीटी-३२ ‘दीपक’ची कहाणी दुःखद आहे. हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटना वर्षानुवर्षं होत राहिल्या. १७ विमानं पडली, १९ वैमानिक गेले. २००९ मधल्या अपघातानंतर हा ताफा जमिनीवरच ठेवला गेला आणि २०१३ मध्ये त्याच्या जागी पिलॅटस हे स्विस शिकाऊ विमान आलं. तिथे शिकणाऱ्याच्या माथी चूक मारणं अन्यायाचं ठरेल.

पुण्याच्या हवेचाही यात वाटा आहे. आपलं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० ला टेकला की हवा इतकी विरळ होते, की विमान जणू साडेसोळाशे मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर असल्यासारखं वागतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात मुलांना पहाटेची वेळ हवी असते.

पावसाळ्यातला धोका त्याहून छुपा. इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान २० अंशांनीही खाली येऊ शकतं. बाहेर २३ अंश आणि दमट हवा, म्हणजे पुण्याचा नेहमीचा जुलै, तरी आत बर्फ धरतो. उतरायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचा दांडा, कमी केला असताना तो जास्त धरतो, नेमका तेव्हाच इंजिन मंद असल्याने पटकन लक्षात येत नाही. उपाय एका दांड्याचा आहे: कार्ब हीट ओढायचा, एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत सोडायची. तो ओढायचा राहिला आणि विमान पडलं, तर तपास करणारे पोहोचेपर्यंत पुरावा वितळून गेलेला असतो.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. टाकीत आहे असं समजून उडणं, एक टाकी संपल्यावर दुसरी न लावणं, आणि इंधनात पाणी. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, म्हणून रोज सकाळी पंखाखालून पारदर्शक कपात थोडं काढून उजेडात धरतात. या सगळ्याची यादी हाती ठेवायची सवय ३० ऑक्टोबर १९३५ नंतर रुजली. त्या दिवशी बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान शेपटीवरच्या कंट्रोलचं लॉक न काढताच उडवलं गेलं आणि पडलं. चालवणारे मुरलेले वैमानिक होते.

ढग हा वेगळाच शत्रू. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडायला लावलं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, आणि सुटला सगळ्यांचाच. आतला कान सांगतो विमान सरळ आहे, प्रत्यक्षात ते कललेलं असतं. सह्याद्रीवर ढग उतरलेले असताना उड्डाण रद्द करणाऱ्या इन्स्ट्रक्टरवर मुलं चिडतात. तास भरायचे असतात, फी भरलेली असते, घरी कर्जाचे हप्ते चालू असतात. ही घाईसुद्धा अपघाताचं कारण आहे आणि ती अहवालात क्वचितच पूर्ण उतरते.

संख्येने सर्वांत जास्त अपघात मात्र उतरतानाचे, आणि त्यात सहसा जीव जात नाही. विमान आपटून उसळतं, शिकाऊ हात घाबरून नाक दाबतो, पुढचं चाक मोडतं. उसळलं की पुन्हा पूर्ण शक्ती देऊन वर जायचं, एवढं सुचलं की निभावतं.

आता भाचीचे सोलोचे, म्हणजे एकटीने उडायचे, दिवस जवळ आले आहेत. हवेत असताना इन्स्ट्रक्टर अचानक थ्रॉटल मागे घेतात आणि विचारतात, “बोला, कुठे उतरणार?” ऊस नको, उंच पिकात चाकं अडकून विमान उलटतं. नांगरट असेल तर सरीच्या दिशेने, आडवं नाही. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात, ते आधी शोधायचे. परवा आम्ही एसटीने भिगवणकडे जात होतो. ती खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होती आणि मधूनच पुटपुटत होती, “हे चालेल… हे नाही, पलीकडे खांब आहेत… हे चालेल.”