कृष्णधवल चेहऱ्यांना रंग देण्यामागचा इतिहास

जुन्या कृष्णधवल फोटोत माणूस किती गोरा वा सावळा होता हे आधीच नोंदलेले असते, रंग भरणाऱ्याने त्यावर फक्त योग्य छटा चढवायची असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांतल्या बहुतेक फोटोंना ती लागू पडत नाही, कारण रसायनाचा थर दिलेल्या ज्या काचेवर ते चेहरे उमटले तिला लाल रंग दिसतच नव्हता.

फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या चांदीच्या क्षारांवर मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होतो. माणसाच्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि रक्त नेमका हाच प्रकाश अधिक शोषून घेतात आणि त्वचेवरून परतणारा प्रकाश मुख्यतः तांबूस-पिवळा असतो. त्यामुळे गव्हाळ माणूस काचेवर प्रत्यक्षाहून काळा उमटे, सुरकुत्या खोल दिसत आणि चेहऱ्यावरचे डाग उठून दिसत. हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये क्षारांत विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून त्यांना हिरव्या प्रकाशाची जाण आणून दिली. लाल रंगासह सारे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमध्ये १९०६ मध्ये विक्रीस आल्या, पण त्यांचा प्रसार पुढे हळूहळू झाला. आपल्याकडच्या फोटोंत हा फरक कपाळावरच्या लाल कुंकवावरून ओळखता येतो. लाल न दिसणाऱ्या काचेवर ते जवळजवळ काळे उमटते, तर पॅनक्रोमॅटिक फिल्मवर राखाडी होऊन कधी कधी त्वचेत मिसळून जाते. कुंकू काळेभोर असेल, तर चेहऱ्याच्या काळेपणातलाही काही भाग त्या काचेचाच आहे असे मानायला हवे.

रंगाची हौस मात्र फोटोइतकीच जुनी आहे. दागेरोटाइपची, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि लगेचच योहान बाप्टिस्ट इझेनरिंग या स्विस चित्रकाराने बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक मिसळलेली रंगपूड त्या पत्र्यांवर बसवायला सुरुवात केली. लंडनच्या रिचर्ड बिअर्ड या फोटो-व्यावसायिकाने १८४२ मध्ये रंग देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जपानमध्ये फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने योकोहामातल्या आपल्या स्टुडिओत जलरंगाच्या कारागिरांकडून छापील फोटो रंगवून घेतले. हे रंग बहुधा पारदर्शक असत, म्हणजे खालचा काळेपणा जसाच्या तसा राही.

भारतात गोष्ट वेगळी घडली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, संस्थानिकांनी हौसेने कॅमेरे घेतले (जयपूरचे महाराजा रामसिंह दुसरे स्वतः फोटो काढत) आणि लघुचित्रांच्या परंपरेतल्या चित्रकारांना फोटो हे नवे काम मिळाले. त्यांनी अनेकदा अपारदर्शक रंग वापरले, त्यामुळे कित्येक चित्रांत खालचा फोटो जवळपास पूर्ण झाकला गेला. काचेने काळवंडलेला चेहरा उजळण्याची मुभा अशा चित्रकाराला होती, आणि गोऱ्या वर्णाची आवड असलेल्या समाजात ती गरजेपेक्षा अधिक वापरली गेली असणार, असे मला वाटते. याशिवाय निगेटिव्हवर पेन्सिलने काम करण्याची, म्हणजे रिटचिंगची, प्रथा होती. पेन्सिल फिरवलेला भाग छपाईत उजळ येतो, म्हणून रंगाचा हात लागण्यापूर्वीच चेहरा बदललेला असू शकतो.

संगणकाने ही अडचण सोडवली नाही, ती नजरेआड केली. सध्याच्या बहुतेक पद्धती प्रतिमेचे तीन भाग करतात : एक उजळपणाचा आणि दोन रंगछटांचे. उजळपणा मूळ फोटोतून जसाच्या तसा उचलला जातो, केवळ उरलेल्या दोहोंचा अंदाज बांधला जातो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या झँग, आयसोला आणि एफ्रोस यांनी २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक रंगीत फोटोंवर शिकवलेली पद्धत मांडली. शक्य त्या सगळ्या रंगांची सरासरी काढली की फिकट, मातकट रंग हाती येतो, म्हणून त्यांनी रंगछटांचे ३१३ गट पाडून त्यांतल्या प्रत्येकाची शक्यता मोजली. चित्रे तजेलदार झाली, परंतु काचेने काळा केलेला गाल काळाच राहिला, त्याला फक्त तपकिरी छटा मिळाली.

या मुळाशी हात घातला तो २०२१ मध्ये झुआन लुओ, स्टीव्हन साइट्झ आणि त्यांचे सहकारी या संशोधकांनी. त्यांनी आधी आधुनिक रंगीत चेहरा संगणकात घडवला, जुन्या काचेवर तो कसा दिसला असता याचे गणित केले आणि तो मूळ फोटोशी जुळेपर्यंत बदलत नेला. अब्राहम लिंकन यांच्या चेहऱ्यावर त्यांनी हा प्रयोग केला. मात्र चेहरा घडवणारी ती प्रणाली फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेल्या ७०,००० फोटोंवर शिकलेली आहे, आणि त्या संग्रहात ज्या वर्णाचे चेहरे कमी, त्या वर्णाबद्दल तिचा अंदाज कच्चा राहण्याचा धोका आहे. वर्ण मोजायची साधनेही अलीकडेपर्यंत तोकडीच होती. संगणकक्षेत्रात बरीच वर्षे वापरली गेलेली, त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची सहा प्रकारांची श्रेणी मुळात उन्हाने त्वचा किती भाजते हे ठरवण्यासाठी होती. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी गूगलने २०२२ मध्ये खुली केली.