मिग, सुखोई, तेजसची रिमोटवरची मॉडेल बनवून घेताय? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं आणि तेव्हापासून आमच्याकडं येणारं दर दुसरं गिऱ्हाईक मिगच मागतंय. नाशिककरांचं तर त्या विमानाशी घरचं नातं, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात साठच्या दशकापासून मिग बनत होती, त्यामुळे कुणाचे वडील तिथे फिटर होते, कुणाचे काका रंगशाळेत होते, आणि सगळ्यांना तेच विमान हवंय, उडणारं. आम्हालाही आवडतं. पण फोनवर तेच तेच समजावण्यात वेळ जातो म्हणून हे पत्रक काढलंय, निवांत वाचा आणि मग फोन करा.

पहिली गोष्ट म्हणजे शोकेसमध्ये ठेवायचं विमान आणि उडवायचं विमान ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही शंभर टक्के मिळणार नाही, कुठंतरी तडजोड होतेच, आणि ती कुठं करायची हे तुम्ही ठरवायचं.

असं का, ते मिगवरूनच सांगतो. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १:१० स्केलला साधारण ७१ सेंटिमीटर, लांबी दीड मीटरच्या आतबाहेर. लांबी दहापट कमी झाली की पंखांचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि वजन त्याच हिशोबानं हजारपट कमी व्हायला पाहिजे. भरलेलं मिग साडेआठ-पावणेनऊ टनांचं, म्हणजे हिशोबानं मॉडेल साडेआठ किलोच्या वर यायला हवं, आणि एवढ्याशा पंखांवर तेवढं वजन घेऊन ते उतरवायचं म्हणजे सिमेंटची गोणी फेकल्यासारखं होईल. आपलं मिग पावणेदोन किलोच्या आत ठेवावं लागतं. म्हणून फोम. लोक हातात घेतात आणि म्हणतात हे तर थर्माकोल आहे, तर थर्माकोल नाहीये, ईपीओ आहे, दणका खाऊन परत वापरता येणारा चिवट फोम. ताकद लागते तिथं कार्बनच्या नळ्या घालतो, वरून पातळ ग्लासफायबरचं कापड.

आता फॅन. आम्ही इडीएफ वापरतो, म्हणजे नळीत बसवलेला पंखा आणि ब्रशलेस मोटर. टर्बाइन करत नाही, केरोसीनचं ते काम आमच्या वर्कशॉपचं नाही आणि खर्चाचा आकडा ऐकून तुम्हीच उठून जाल. १:१० मिगला ७० मिलिमीटरचा १२ पात्यांचा फॅन, ६ सेलची लायपो बॅटरी, ८० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), एवढ्यात दोन किलोच्या आसपास रेटा मिळतो. ५-६ पात्यांचा फॅन स्वस्त मिळतो पण तो शिट्टीसारखा किंचाळतो, १२ पात्यांचा आवाज जेटसारखा भरीव येतो, तिथं पैसे वाचवू नका.

मिगची खरी पंचाईत नाकात आहे. हवा नाकातनं आत जाते आणि नाकाच्या मधोमध तो सुळका बसलेला असतो, त्यामुळे वाट उरते अरुंद कड्याएवढी. ७० च्या फॅनला ३२ चौरस सेंटिमीटरच्या आसपास मोकळी वाट लागते, ती तिथं मिळतच नाही. मग आम्ही पोटाखाली एक जास्तीचं भोक ठेवतो, आमच्या धंद्यात त्याला चीटर होल म्हणतात. काही जण चिडतात, खऱ्या मिगला असं भोक नाही हो! नाहीच आहे, पण खऱ्या मिगचं इंजिन वेगळं आहे, आणि आपला फॅन गुदमरला की अर्धाच रेटा देतो आणि मोटर तापते ती वेगळीच. भोक बुजवून पाहिजे असेल तर बुजवून देतो, मात्र ते मॉडेल शोकेसचं, उडवायचं नाही, आणि बिलावर तसं लिहून देतो. भोकाला जाळी लावतो कारण जमिनीवरची खडी सरळ वर ओढली जाते.

तेजस आणि मिराजचं तसं नाही, त्यांच्या हवेच्या वाटा दोन्ही बाजूंना, नाक मोकळं, बॅटरीला ऐसपैस जागा. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क १ए उडालं, म्हणजे तेही आता आपल्या गावचंच झालं. त्याला मागं आडवी शेपटी नाही, एलेव्हॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर सगळं चालतं, तर ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग आम्ही करून देतो, त्यात स्वतः हात घालू नका. सुखोईला दोन फॅन, दोन ईएससी, पसारा १:१५ ला सुद्धा ९८ सेंटिमीटर आणि लांबी १४६, दिसतं एकदम राजेशाही, पण दोन्ही फॅन सारखे चालले नाहीत तर एका बाजूला ओढतं, आणि गाडीच्या डिकीत बसत नाही हेही आधी मोजून बघा, लोक हे नेहमी विसरतात.

मारुतची फर्माईश पण येते अधूनमधून. एचएफ-२४, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं, कुर्ट टँकनं डिझाईन केलेलं आपलं पहिलं जेट लढाऊ विमान. तयार किट बाजारात नाही त्यामुळे ड्रॉइंगपासून सगळं हातानं करावं लागतं, वेळ मिगच्या दुप्पट-तिप्पट धरा. मला विचाराल तर यादीतलं सगळ्यात देखणं विमान तेच, पण घाई असेल तर मागू नका.

रंगकामाबद्दल सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. रंग म्हणजे वजन. पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग, वर क्लिअर कोट, बघता बघता शंभर ग्रॅम चढतं, आणि शेपटाकडं चढलेलं वजन तोलायला नाकात शिसं भरावं लागतं, म्हणजे एकदा चढलेलं वजन दुसऱ्यांदा चढतं. सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, मागं सरकला की डेल्टा (त्रिकोणी) पंखाचं विमान हातातनं सुटल्या सुटल्या नाक वर करून लोळतं, मग त्या रंगाचं काय करायचं? म्हणून आम्ही पाण्यातला ॲक्रिलिक मारतो, पातळ, आणि पुट्टी पॉलिश पेपरनं घासून जवळपास सगळी काढूनच टाकतो. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे घरी मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट फोम खाऊ शकतं.

मार्किंग मात्र अचूक देतो, तिथं तडजोड नाही. बायसनला (मिग-२१ ची शेवटची सुधारलेली आवृत्ती) सीयू, सुखोईला एसबी, मिराजला केएफ, तेजसला एलए ही सिरियलची अक्षरं असतात, पुढचे आकडे तुम्हाला हवे ते सांगा, शक्यतो फोटो पाठवा. राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, बाहेरून केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा, उलटा करून लावलेले डेकल बाजारात मिळतात ते आणू नका. एकात्तरच्या लढाईतलं मिग पाहिजे असेल तर आमची मजा असते, तेव्हा चंदेरी विमानांवर घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे मारले होते, एकासारखं दुसरं नाही, ब्रशचे फटकारे दिसले तरी चालतात, उलट दिसलेच पाहिजेत.

करडा रंग मागणाऱ्यांना एक गोष्ट सांगायचीच आहे. बायसनचा करडा रंग आकाशात दिसू नये म्हणूनच मारलेला होता, आणि तो मॉडेलवरही तितकंच चोख काम करतो. दीडशे मीटरवर ढगाळ हवेत छोटा करडा डेल्टा येतोय का जातोय, उताणा आहे का पालथा हे कळत नाही, आणि उलटी स्टिक दिली की संपलं. आम्ही म्हणतो वरून हुबेहूब करा, पोट गडद करा आणि नाकात एक झगझगीत एलईडी घ्या, उजेड दिसला म्हणजे विमान तुमच्याकडं येतंय. जमिनीवर ठेवल्यावर पोट कोण बघतंय?

चाकांचं विचारता सगळे, आत जाणारी, इलेक्ट्रिक, लाईट लागणारी. देतो, पण तुमच्याकडं डांबरी पट्टी आहे का? आपल्या माळरानावर दगडगोटे आणि ढेकळं, मिगची बारकी चाकं पहिल्याच लँडिंगला पंखातनं उपटून येतात. गवताळ जागा असेल तर चाकं न घेता पोटावर उतरवा आणि सोडताना बंजी (ताणून विमान सोडायचा रबरी दोर) वापरा, दोनेकशे ग्रॅम वजनही वाचतं. हातानं फेकताना थ्रॉटल आधी पूर्ण येऊ द्या, फॅनला वेग घ्यायला क्षण लागतो, आणि प्रोपेलरच्या विमानासारखा शेपटीवर वारा येत नाही, वेग आल्याशिवाय एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) काही ऐकत नाही. उतरवताना पण थ्रॉटल एकदम शून्य करू नका, डेल्टा नाक वर करून पॉवरवर उतरतो, पॉवर काढली की दगडासारखा खाली. खरं मिगसुद्धा ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं टेकायचं, तेव्हा त्याचा स्वभावच तसा.

उडवायला साडेतीन मिनिटं धरा, टायमर लावूनच देतो. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी उडवू नका, नाशिकची उंची जवळपास ६०० मीटर आणि वर चाळीस डिग्री, हवा इतकी विरळ होते की रेटा दहा-पंधरा टक्क्यांनी पडतो. सकाळी सातला या.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो, ४.२ व्होल्ट प्रति सेलच्या वर नाही, वापरणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवा, फुगली तर वापरू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. बॅटरी लावली की फॅनच्या पुढं-मागं कुणी थांबायचं नाही, ओढणी, उपरणं, लहान मुलांची बोटं सगळं लांब.

जागेचं बघा. ओझर विमानतळ आहे, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन आहे, देवळालीला तोफखान्याची रेंज आहे, तेव्हा आपल्याकडं नकाशावर लाल-पिवळं भरपूर. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर हिरवा झोन बघूनच जा, तिथंही ४०० फुटांच्या वर नाही. २ किलोपर्यंतचं मॉडेल हौसेसाठी उडवायला पायलट लायसन्स लागत नाही, म्हणूनही मिग त्याच्या आत बसवतो. शेतमालकाला विचारा, गावात कल्पना द्या, लढाऊ विमान डोक्यावरनं गेलं की लोक घाबरतात, त्यांचं काही चुकत नाही.

आणि हो, आजवर कधीच काही उडवलं नसेल तर आम्ही तुम्हाला जेट विकणार नाही. आधी सिम्युलेटर, मग वर पंख असलेलं साधं ट्रेनर, ते निवांत उतरवता यायला लागलं की या. पोराच्या वाढदिवसाला सरप्राईज म्हणून मिग मागणारे बाप दर महिन्याला येतात, त्यांना आम्ही ट्रेनरच देतो, नाराज होऊन जातात.

ऑर्डर देताना कुठलं विमान, कुठल्या वर्षाचं, उडवायची जागा कशी आहे त्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ, आणि तुमच्याकडं कुठला ट्रान्समीटर आहे, एवढं व्हॉट्सॲपला टाका. निम्मे पैसे आधी. बॅटरी कुरिअरनं पाठवत नाही, बाकी सगळं लाकडी खोक्यात पाठवतो, आणि खोकं उघडल्यावर सीजीची लाल खूण केलीये तिथं दोन बोटांवर तोलून बघितल्याशिवाय विमान फेकायचं नाही.