कॉर्सिकाभोवती यॉट चार्टर करायचंय? पात्रता, व्हिसा, कागदपत्रं आणि कुठलं काम आधी करायचं

कॉर्सिका हे भूमध्य समुद्रातलं फ्रान्सचं बेट. डोंगर थेट समुद्रातून वर आलेत, सगळ्यात उंच मोन्ते चिंतो २७०६ मीटर, आणि पश्चिम किनाऱ्यावर गिरोलातासारखं गाव आहे जिथे गाडीरस्ताच पोचत नाही, पायवाटेने जा किंवा बोटीने या. त्यामुळे हे बेट समुद्रातून बघण्यात खरी मजा आहे आणि परवडत असेल तर आठवडाभर क्रू असलेली यॉट भाड्याने, म्हणजे चार्टरवर, घ्याच. पण कामाचा क्रम चुकला तर लाखो रुपये अडकतात. आपल्याकडे बहुतेक जण आधी बोट पसंत करतात, ॲडव्हान्स भरून मोकळे होतात आणि व्हिसाचं नंतर बघू म्हणतात. तसं करू नका. व्हिसाच्या फाइलला बोटीचा करार लागतोच, पण व्हिसा नाकारला तर पैशांचं काय हे ठरवूनच त्यावर सही करा.

सगळ्यात आधी माणसं मोजा. साध्या चार्टर यॉटवर जास्तीत जास्त १२ पाहुणे चालतात, क्रू वेगळा. बोट कितीही मोठी दिसो, बाराच्या वर प्रवासी झाले की ती नियमाने पॅसेंजर शिप ठरते आणि तसं सर्टिफिकेट फार थोड्या यॉटकडे असतं. काका, आत्या, जावई, नातवंडं असं सगळं कुटुंब निघालं की आकडा पंधरावर कधी जातो कळतही नाही, आणि पाच वर्षांचं पोरही त्यात मोजलं जातं. "दिवसापुरते दोघं जास्त घेऊ" असं कॅप्टनला सांगू नका, त्याचं लायसन्स आणि बोटीचा विमा दोन्ही धोक्यात येतात. १४-१५ जण असाल तर दोन लहान बोटी घ्या.

क्रू असलेल्या यॉटला तुमच्याकडे कुठलंही लायसन्स लागत नाही. स्वतः चालवायची म्हणजे बेअरबोट घेतली तर कंपनी सहसा आयसीसी किंवा आरवायए डे स्किपरसारखं बोट चालवता येत असल्याचं सर्टिफिकेट मागते आणि रेडिओचं व्हीएचएफ सर्टिफिकेटही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा जाताय तर बेअरबोट नको, बोनिफासियोच्या सामुद्रधुनीत कॉर्सिका आणि इटलीच्या सार्डिनिया बेटामधलं अंतर जेमतेम ११-१२ किलोमीटर, त्या फटीतून मिस्त्राल वारा असा घुसतो की अनुभवी लोकही बंदरात थांबून राहतात.

आता करार. मोठ्या यॉटसाठी भूमध्य समुद्रात एमवायबीए या यॉट ब्रोकरांच्या संघटनेचा छापील करार सर्रास वापरतात, सहीच्या वेळी साधारण निम्मी रक्कम आणि उरलेली निघायच्या महिनाभर आधी. भाड्याच्या आकड्यावर थांबू नका. त्याच्यावर फ्रान्सचा व्हॅट, नेहमीचा दर २०%, आणि एपीए म्हणजे डिझेल, जेवणखाण, बंदराचं भाडं यासाठी कॅप्टनकडे आधी द्यायची रक्कम, मोटर यॉटला भाड्याच्या साधारण २५ ते ३५%. तिचा हिशोब शेवटी मिळतो, उरलेले पैसे परत येतात, कमी पडले तर भरावे लागतात. आणि सही करायच्या आधी ब्रोकरला एकच प्रश्न लेखी विचारा, व्हिसा नाकारला तर काय? कारण व्हिसा न मिळणं हे करारात सहसा तुमचंच कॅन्सलेशन धरलं जातं. तशी अट घालून घ्या, ब्रोकर नाहीच म्हणाला तर व्हिसा नाकारणं कव्हर होईल असा कॅन्सलेशनचा विमा शोधा.

भारतातून पैसे पाठवताना ते एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत जातात, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. पॅन, परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म, कराराची प्रत, इनव्हॉइस बँकेला द्या. टीसीएस म्हणजे बँक आधीच घेते तो कर कापला जाऊ शकतो, तो रिटर्नमध्ये परत मागता येतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते म्हणून सीएला आधीच विचारून ठेवा.

व्हिसा शेंगेन शॉर्ट स्टे, म्हणजे फ्रान्स-इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. अर्ज कुठल्या देशाचा करायचा? जिथे जास्त रात्री त्या देशाचा. कॉर्सिकात पाच रात्री आणि सार्डिनियाच्या ला मादालेनात दोन, तर फ्रान्स. सार्डिनियातल्या ओल्बियाहून निघून इटलीतच जास्त राहणार असाल तर इटली. रात्री सारख्या असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरता तो देश. बोनिफासियोहून इटलीत जाताना वेगळा व्हिसा लागत नाही, दोन्ही शेंगेनमध्येच. दुबई किंवा लंडनला राहणाऱ्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने तो जिथे कायदेशीर राहतो तिथूनच अर्ज करायचा, अमेरिकन पासपोर्टवाल्या बहिणीला ९० दिवसांपर्यंत हा व्हिसा लागत नाही.

फ्रान्स-व्हिसाज साइटवर फॉर्म भरा, प्रिंट काढा, मग व्हीएफएस या अर्ज जमा करून घेणाऱ्या कंपनीची अपॉइंटमेंट, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे सेंटर आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत, काही केसमध्ये ४५ पर्यंत जातो. मे-जूनला जायचं असेल तर जानेवारीतच हलायला लागा, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खाली नाही, शिवाय व्हीएफएसचा चार्ज.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. फोटो, विमानाचं बुकिंग, किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा, बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याचं रजिस्ट्रेशन. मुलांचा जन्मदाखला, आणि आईवडलांपैकी एकच जण बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

खरी अडचण राहण्याच्या पुराव्याची. हॉटेलचं बुकिंग नाही, मग रात्री कुठे झोपणार हे कागदावर दिसलं पाहिजे. सही झालेला करार, पैसे भरल्याची पावती, बोटीचं नाव, आणि ज्यात तुमच्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत असं ब्रोकरचं पत्र जोडा. पत्रात रोजचं बंदर लिहून घ्या, अजाक्सियो, प्रोप्रियानो, बोनिफासियो असं. बोटीवर चढायच्या आदल्या आणि उतरल्यानंतरच्या रात्रीचं हॉटेल वेगळं दाखवा. खर्च एकजण करत असेल तर त्याचं स्पॉन्सर लेटर आणि नातं दाखवणारे कागद प्रत्येक फाइलमध्ये लावा, फक्त त्याच्या फाइलमध्ये ठेवून भागत नाही.

समुद्रातल्या परवानग्या कॅप्टन बघतो, पण रूट ठरवताना तुम्हालाही माहीत हव्यात. पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत तिथे जपतात, नांगराने ते उपटलं जातं आणि पुन्हा वाढायला फार काळ लागतो, म्हणून २४ मीटर आणि त्यावरच्या बोटींना त्या गवतावर नांगर टाकायला बंदी आहे. पश्चिम किनाऱ्यावरचं स्कांदोला राखीव क्षेत्र १९८३ पासून जागतिक वारशात आहे, लाव्हेझी बेटं बोनिफासियोच्या राखीव क्षेत्रात येतात, दोन्हीकडे स्वतःचे नियम. ला मादालेना नॅशनल पार्कात बोट न्यायला परवाना काढावा लागतो, आणि बुदेल्लीच्या गुलाबी वाळूवर उतरायला मनाई आहे, तिथे उतरवा म्हणून कॅप्टनच्या मागे लागू नका. हे नियम कडक आहेत ते बरंच आहे, म्हणूनच ते पाणी अजून तसं आहे.

शेवटी प्रेफरन्स शीट, म्हणजे खाण्यापिण्याचा फॉर्म. नुसतं व्हेज लिहिलं तर मासे येऊ शकतात, अंडं चालतं का, कांदा-लसूण, कोणाचं जैन, औषधं, ॲलर्जी, सगळं सविस्तर लिहा. आणि सामानातून तूप, पेढे, श्रीखंड नेऊ नका, बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही घरीच ठेवा, नारळ मात्र चालतो.