जांभ्याच्या जमिनीला काळ्या दगडाचं पीठ

माझं माहेर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. तिथं ज्यांनी लोखंडाच्या खाणींचे दिवस पाहिलेत, त्यांच्यासमोर धूळ आणि शेती हे दोन शब्द एका दमात उच्चारले तरी कपाळाला आठी पडते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्याआधी ट्रकांच्या रांगा धावायच्या तेव्हा रस्त्याकडेच्या काजूंची पानं तांबडी व्हायची. पावसाळ्यात डंपावरून, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून, वाहून आलेला गाळ भाताच्या खाचरात साचायचा आणि त्या खाचरात पुढं धड काही पिकायचं नाही. म्हणून खडी फोडणाऱ्या क्रशरवरची दगडाची भुकटी मिरचीच्या वाफ्यात घालायचा बेत मी शेजारच्या काकांना सांगितला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला समजली. "फातराची पिठी घालून मिरसांगो जातात व्हय?" त्यांनी विचारलं. म्हणजे, दगडाचं पीठ घालून मिरच्या होतात का?

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर मात्र कुठल्या फातराची पिठी, यावर अवलंबून आहे.

आधी आपल्या मातीकडे बघू. चिरेखाणीत उतरून जांभा कापताना पाहिलाय का? जमिनीत असताना तो मऊ असतो, कापून काढला आणि वारा लागला की घट्ट होत जातो. मलबारात लोक त्याच्या विटा कापतात हे पाहून फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं १८०७ मध्ये त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं, कारण लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात. हा जांभा बनतो कसा? गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. असा पाऊस लाखो वर्षं एखाद्या खडकावर पडत राहिला की त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम विरघळून ओहोळांतून समुद्राला जातं. पाठोपाठ सिलिकाही जाते. मागं उरतात ती न विरघळणारी लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. जांभ्याचा तो देखणा तांबडा रंग म्हणजे सगळं वाहून गेल्यावर उरलेल्या लोखंडाचा गंज. चहा पुन्हा पुन्हा उकळला की शेवटी चोथा राहतो ना, तशी ही माती आहे. रंग भरपूर, सत्त्व थोडं.

खाणीच्या गाळानं शेती का बसली, हेही इथंच कळतं. तो गाळ याच चोथ्याचा चोथा होता. त्याच्याकडे पिकाला द्यायला काही उरलं नव्हतं, वर त्याच्या बारीक कणांनी जमिनीची छिद्रं बुजवली. काकांची शंका त्या अनुभवातून आलेली होती.

जांभ्याच्या जमिनीचं दुसरं दुखणं म्हणजे आंबटपणा. कॅल्शियम-मॅग्नेशियम गेल्यावर मातीचा सामू (pH) साडेपाचच्या खाली उतरतो. मग ॲल्युमिनियम सुटं होऊन मुळांची कोवळी टोकं जाळतं, आणि आपण घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोखंडाच्या मिठीत अडकून पडतं. शेणखत घालूनही रोप खुरटं का राहतं, याचं कारण पुष्कळदा हे असतं.

आता काळा दगड. सह्याद्री चढून बेळगाव-कोल्हापूरच्या अंगाला गेलं की पायाखाली बेसाल्ट लागतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा खडक. गोव्यात तो सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यातच थोडा सापडतो. आपला बाकीचा पाया त्याहून कितीतरी जुन्या, अब्जावधी वर्षांच्या खडकांचा आहे. किलोभर दख्खनी बेसाल्टमध्ये ढोबळमानानं १०० ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड, ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि जवळपास निम्मी सिलिका असते. पोटॅश अगदी थोडं, नत्र शून्य. आपल्या मातीतून जे वाहून गेलं, नेमकं तेच या दगडात अजून शाबूत आहे.

सगळे दगड सारख्या वेगानं झिजत नाहीत. १९३८ मध्ये सॅम्युअल गोल्डिच या अमेरिकन भूवैज्ञानिकानं दाखवून दिलं की वितळलेल्या शिलारसातून जी खनिजं सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त तापमानाला गोठतात, ती पृष्ठभागावर आल्यावर सगळ्यात लवकर कुजतात. भट्टीत जन्मलेल्या खनिजाला पावसाळी हवा मानवत नाही. बेसाल्टमधली पायरॉक्सीन आणि कॅल्शियमवालं फेल्डस्पार या लवकर झिजणाऱ्या गटातली. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ अगदी शेवटचा. वाळू होऊन समुद्रकिनाऱ्यावर पडतो, तरी विरघळत नाही. म्हणून काणकोणच्या ग्रॅनाइटची भुकटी आणि घाटावरच्या बेसाल्टची भुकटी दिसायला दोन्ही करडी असल्या, तरी शेतात त्यांची गत एक नसते.

दगडाच्या पिठाबद्दल सध्या सगळ्यात हिरिरीनं बोलणारे लोक कोण, तर परदेशातले सेंद्रिय गांजा पिकवणारे. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही लागवड कायदेशीर आहे. ते कुंडीत पीट, कंपोस्ट आणि बेसाल्टचं पीठ कालवून 'जिवंत माती' तयार करतात. एक घनफूट मिश्रणाला कपभर पीठ असा त्यांचा अंदाज असतो. पीट म्हणजे दलदलीतलं साठलेलं शेवाळ, त्यात खनिजं जवळजवळ नसतात, तेव्हा दगड घालण्याला अर्थ आहे. तीच कुंडी न उपसता ते वर्षानुवर्षं वापरतात, त्यामुळे सावकाश झिजणाऱ्या दगडाला वेळही मिळतो. पण पहिल्याच पिकात वास वाढला, राळ वाढली असे जे दावे होतात, ते मला पटत नाहीत. तीन-चार महिन्यांच्या पिकाला पहिल्या खेपेला जेवण मिळतं ते कंपोस्टमधून. दगड तोवर जेमतेम भिजलेला असतो.

त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. गांजाचं आणि त्याच्या भावकीतल्या हेंपचं झाड मातीतले जड धातू ओढून घेण्यात पटाईत. अणुभट्टीचा स्फोट झालेल्या चेर्नोबिलच्या परिसरात माती शुद्ध करायला हेंप लावून पाहिला होता तो याचसाठी. कॅलिफोर्नियात विक्रीआधी मालात आर्सेनिक, कॅडमियम, शिसं आणि पारा तपासणं सक्तीचं आहे. त्यामुळे 'कुठला दगड?' हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा माझं पीक मिरचीच. पण मिरचीसाठीही तो प्रश्न विचारायलाच हवा. डुनाइटसारखे हिरवट, जड दगड बेसाल्टपेक्षा भराभर झिजतात, पण त्यांत निकेल आणि क्रोमियम फार असतं. खायच्या पिकात ते नकोत.

माझा पहिला प्रयत्न फसला तो मात्र दगडामुळे नव्हे, जाडीमुळे. एका क्रशरवरून 'पावडर' म्हणून टेम्पोभर माल आणला, वाफ्यात पसरला आणि वर्षभर वाट पाहिली. काहीच फरक दिसला नाही. नंतर लक्षात आलं, त्यात अर्ध्याहून जास्त ब्लॉक पाडायची चुरी होती. साखरेच्या मोठ्या दाण्याएवढे खडे झाडाच्या काय कामाचे? एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या: त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या कणांत दळला तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास झेरॉक्सच्या कागदाएवढा. आम्ल पाणी दगडाला खातं ते पृष्ठभागावरूनच, म्हणून इथं दळण्यालाच मोल आहे.

तेव्हापासून माल उतरवून घेण्याआधी मी बाटली लावून बघते. पाण्याच्या बाटलीत चार चमचे भुकटी, वर पाणी, जोरानं हलवायची आणि ओट्यावर ठेवायची. दहा-बारा सेकंदांत जे खाली बसलं ती वाळू. पंधरा मिनिटांनंतरही पाणी गढूळ दिसलं, तर त्या गढूळपणात दहा मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून, बारीक कण आहेत. ते आपल्याला हवेत. चांगल्या पिठाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीही पूर्ण निवळलेली नसते.

मुलांना घेऊन करावा असा आणखी एक प्रयोग. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा, जांभळट पाणी येईल. त्याचे काही थेंब लिंबाच्या रसात टाकले की ते लालबुंद होतात. तेच थेंब ताजी दळलेली बेसाल्टची भुकटी भरपूर ढवळलेल्या पावसाच्या पाण्यात टाका, रंग निळसर-हिरवटाकडे झुकतो. दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात उतरताना आम्ल मारतंय, ते डोळ्यांनी दिसतं.

मातीत हे काम करतं कोण? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. पण मातीच्या पोकळ्यांत मुळांच्या आणि जंतूंच्या श्वासोच्छ्वासामुळे तो वायू बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पट जास्त असतो. त्यावर मुळं आणि बुरश्या ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्लं पाझरतात. बुरशीचे तंतू दगडाच्या कणाला अक्षरशः मिठी मारून पोखरतात. म्हणून कोरड्या, उघड्या जमिनीवर भुकटी फेकणं म्हणजे बियाणं फरशीवर टाकण्यासारखं आहे. मी ती शेण-पालापाचोळ्याच्या खड्ड्यात थर घालून कुजवते आणि ते कंपोस्ट वाफ्यात देते. आपली आजी चुलीतली राख केळीच्या बुडात टाकायची, शिंपल्यांचा चुना माडाला द्यायची, ते याच वाटेवरचं शहाणपण. राखेतून पोटॅश, चुन्यातून कॅल्शियम. चुना झटपट लागू पडतो आणि तसाच लवकर संपतो. दगड हळूहळू देत राहतो, आणि चुन्याकडे नसलेली सिलिकाही देतो.

सिलिकेचं महत्त्व मिरचीपेक्षा भाताला अधिक. भात सिलिका आवडीनं पितो. ती पानांच्या त्वचेत काचेसारखी बसते, मग करपा आणि खोडकिडा यांना आत शिरणं जड जातं, वाऱ्यानं पीक आडवं पडणंही कमी होतं. जांभ्याच्या पट्ट्यातल्या पाणथळ शेतात लोखंड जास्त होऊन पानं तांबूस पडतात, त्यालाही सिलिका आवर घालते. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीचं गणित मात्र निराळं. तिथं भरतीचं पाणी आणि गाळ खनिजं आणतच असतो, दुखणं खारेपणाचं असतं. तिथं हे पीठ घालून पैसे वाया घालवू नयेत.

ज्या ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी काजू आणला आणि जो आपल्या जांभ्यावर असा रुजला की इथलाच होऊन गेला, त्या ब्राझीलची मातीही आपल्यासारखीच तांबडी आणि धुतली गेलेली. तिथं २०१३ मध्ये कायदा करून दगडाच्या पिठाला शेती-निविष्ठा म्हणून मान्यता दिली. नियम असा की त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची ऑक्साइडं मिळून किमान ९ टक्के आणि त्यात पोटॅश किमान १ टक्का हवं. आपला दख्खनी बेसाल्ट पहिली अट सहज पार करतो, दुसरीत मात्र बहुधा नापास होतो. म्हणून आजीची राख सोडायची नाही.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये मका-सोयाबीनच्या शेतावर चार वर्षं दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसाल्ट घालून पाहिला. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढलं. हेक्टरी ५० टन म्हणजे चौरस मीटरला पाच किलो, तेही दर वर्षी. घरगुती वाफ्याला मूठभर भुरभुरवून चमत्कार मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दगड झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो, म्हणून हवामान बदलावरचा उपाय म्हणूनही याकडे पाहिलं जातं. भारतातल्या भातशेतकऱ्यांसोबत बेसाल्ट पसरणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं, तेही या कामासाठी. एक टन बेसाल्ट पूर्ण झिजला तर साधारण पाव ते एक तृतीयांश टन वायू बांधला जातो. मात्र चोर्ला घाटातून ट्रकनं माल आणला, तर डिझेलचा धूर त्यातून वजा करायचा. घाटाच्या अलीकडे जवळच क्रशर असेल, तर हिशेब जमतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ही भुकटी कोरडी हाताळू नका. जे बारीक कण मातीला हवेत, तेच फुप्फुसात खोल जातात. ग्रॅनाइटच्या धुळीत क्वार्ट्झ भरपूर असतो, आणि सिलिकोसिस हा खाण-क्रशर कामगारांचा आजार त्यातूनच होतो. झालेला तो बरा होत नाही. बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ नगण्य असला, तरी तोंडाला चांगला मास्क बांधावा, गोणी उघडताच पाणी शिंपडावं, लहान मुलांना दूर ठेवावं. आणि आधी माती तपासून घ्यावी. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात सामूपासून बोरॉनपर्यंत बारा गोष्टी असतात. सामू साडेसहाच्या पुढं असेल, तर या उद्योगाची गरजच नाही.

काकांनी शेवटी दोन गोणी मागून नेल्या. त्यांनी दोन वाफे केलेत: एकात पीठ घालून कुजवलेलं शेणखत, दुसऱ्यात नुसतं शेणखत. बियाणं एकाच घरचं, ऊन सारखं, मध्ये हातभर बांध. दोन्ही वाफ्यांतली मिरची वेगवेगळ्या सुपांत वाळवायची आणि तीन वर्षं वजनं वहीत टिपायची, असं त्यांनीच ठरवलंय. पहिल्या पानावर तारीख घातलीय.